सोवळ्यातली मूस

माझ्या पीएच.डी.च्या गाईड बाईंना देवाधर्माचं फारसं काही नव्हतं. संकष्टीच्या दिवशी कॉलेजच्या फाटकाबाहेर उभं राहून, वर शेव भुरभुरवलेले पोहे चवीने खाताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. पण प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की त्यांच्यासारखी सोवळी बाई साऱ्या इंदुरात शोधून सापडली नसती. त्यांचं सोवळं मुशींचं होतं.

मूस म्हणजे सोनार सोनं वितळवायला घेतो तसलं छोटं भांडं. आमच्या मुशी पांढऱ्या ॲल्युमिनाच्या, झाकणाच्या, भट्टीच्या लाल आचेत निमूट बसणाऱ्या. बाकी सगळे क्रूसिबल म्हणत. बाईंच्या कपाटात त्या ओळीने मांडलेल्या असत आणि प्रत्येकीवर एकेका मूलद्रव्याची खूण असे. फेरिक क्लोराइडचं द्रावण घ्यायचं, बारीक काडीने मुशीच्या अंगावर अक्षरं लिहायची आणि रिकामी मूस भट्टीत भाजायची. अक्षरं तपकिरी होऊन अशी बसतात की मग ॲसिडने घासली तरी जात नाहीत. युरोपियमच्या मुशीत फक्त युरोपियम. तिचा खल वेगळा, चमचा वेगळा, पुसायचा ब्रशसुद्धा वेगळा. एकदा एम.एस्सी.च्या एका मुलीने घाईघाईत एकीचा चमचा दुसरीला लावला, तर बाईंनी तिला तो सगळा माल टाकून द्यायला लावला. ओरडल्या नाहीत. उलट चहा पाजला आणि परत पहिल्यापासून करायला बसवलं, जे ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

याला कारणही होतं. लॅन्थॅनम, युरोपियम, टर्बियम ही सगळी दुर्मिळ मृदा म्हणवणारी मूलद्रव्यं एकमेकांची सख्खी भावंडं आहेत. एकात दुसरं मिसळलं की वेगळं काढताना माणूस रडकुंडीला येतो. शिवाय त्यांच्यातली काही उजेड देतात. आपल्या मोबाइलच्या पडद्यावरचे, ट्यूबलाइटमधले रंग बरेचसे यांच्याच घराण्यातले. असल्या मूलद्रव्याचा नुसता हात लागला तरी ते दुसऱ्याच्या उजेडात आपला रंग मिसळून मोकळं होतं.

मी इंदूरला आले ती कॉलेजातल्या नोकरीसाठी, सांगलीहून. विजय नगरात दोघींबरोबर फ्लॅट घेतला आणि नोकरी सांभाळून बाईंकडे पीएच.डी.ला नाव घातलं. कॉलेज त्यांना मॅडम म्हणायचं. मी गावाकडच्या सवयीने बाई म्हणाले आणि तेच राहिलं. त्यांचं घराणं कधीकाळी कारकुनीसाठी इथे आलं होतं; कोणत्या पिढीत, ते त्यांनाही नक्की सांगता येत नसे. पहिल्याच भेटीत त्या मला म्हणाल्या, “तू टेंशन नको घेऊ, सगळं सेट होऊन जाईल.” सांगलीच्या माणसाला आपल्या मराठीचा जो फुकटचा माज असतो तो मलाही होता. मी मनातल्या मनात त्यांचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करत होते. आता माझी आई फोनवर माझी वाक्यं दुरुस्त करते, आणि ते मला योग्यच वाटतं.

आमचं काम लॅन्थॅनम ऑक्सिक्लोराइडवर होतं. धड ऑक्साइड नाही, धड क्लोराइड नाही, असं हे मधलंच प्रकरण. करायची रीत ऐकायला सोपी आहे. लॅन्थॅनम ऑक्साइड घ्यायचा, त्यात नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, घालायचा, खलात भरपूर घोटायचं, झाकण लावून भट्टीत ठेवायचं. नवसागर तापला की धूर होऊन सुटतो, आणि जाता जाता आपलं क्लोरीन लॅन्थॅनमच्या पदरात टाकून जातो.

मेख त्याच्या आधीच आहे. लॅन्थॅनम ऑक्साइड बाटलीत पडून राहिला की हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन बसतो. दिसायला तसाच पांढरा, पण वजन खोटं. म्हणून तो आधी एकटाच कडक भाजायचा, कोरड्या हवेच्या काचपात्रात थंड करायचा आणि बाहेर काढला की वेळ न दवडता तोलायचा. नवसागर हिशेबापेक्षा सढळ हाताने घालायचा, कारण पुष्कळसा उडूनच जातो. आच हळूहळू चढवायची. कमी पडली तर माल कच्चा राहतो, आणि उघड्यावर फार वेळ तापला तर क्लोरीन सोडून देऊन पुन्हा ऑक्साइड होऊन बसतो. त्या धुरापायी आमच्या खिडक्यांच्या कड्या गंजून गेल्या होत्या आणि भट्टीच्या दाराची मूठ हातात यायची.

पण साधलं की साधलं. मूस उघडली की आत शुभ्र, मऊ भुकटी. हातमोज्याच्या बोटावर घेतली तर तोंडाला लावायच्या पावडरसारखी सरकते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे पातळ पातळ पापुद्रे दिसतात, कारण तिची घडणच पदरांची आहे. लॅन्थॅनम आणि ऑक्सिजन यांचा एक थर, त्याच्या दोन्ही अंगांना क्लोरीनचे, आणि मग पुन्हा तेच. बाई वर्गात चिरोट्याचं उदाहरण देत. समोरच्या हिंदी मुलांना चिरोटा ठाऊक नसे, म्हणून दिवाळीनंतर डबा भरून आणत आणि पदर सुटे करून दाखवत. रसायनशास्त्रातला हा एकच धडा असा होता, ज्याला कुणी दांडी मारत नसे.

ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, ॲसिडात जाते. एकटी असताना अतिनील दिव्याखाली धरली तर काळीठिक्कर. मात्र लॅन्थॅनमच्या काही जागी युरोपियम बसवलं की त्याच दिव्याखाली ती पेटते. युरोपियमचा उजेड लाल असतो, हे जगाला माहीत आहे. बाईंचा उजेड पांढरा होता.

या पांढऱ्या उजेडावर त्यांनी तरुणपणी एक पेपर लिहिला होता. म्हणणं असं, की ऑक्सिक्लोराइडच्या पदरांमध्ये युरोपियमला इतकी निवांत जागा मिळते की ते नेहमीच्या लाल उजेडाबरोबर आपल्या ऊर्जेच्या वरच्या पायऱ्यांवरूनही थोडा हिरवा, थोडा निळा उजेड सोडतं. तिन्ही मिळून पांढरा. कल्पना वेडगळ मुळीच नव्हती. युरोपियम थोडंफार असं करतं हे पुस्तकांतही आहे. बाईंच्या भुकटीत ते फार जास्त होतं, एवढंच. एकाच मूलद्रव्यातून पांढरा उजेड ही दिव्यांच्या दुनियेत मोठी गोष्ट होती. दूरदूरच्या लोकांनी आपापल्या लेखांत त्या पेपराचा हवाला दिला. बाहेर बाईंना जे कुणी ओळखत ते त्या एका पेपरामुळे. मुठीला तार बांधलेल्या भट्टीत, एका साध्या कॉलेजात, कुणाच्याही मदतीवाचून त्यांनी ते करून दाखवलं होतं.

दर वर्षी नवी मुलं आली की बाई पडदे ओढून त्यांना तो उजेड दाखवत. मी पहिल्यांदा पाहिला तो असाच पडद्यांच्या काळोखात. दुधावरच्या सायीचा असतो तसा, किंचित उबदार पांढरा. बाईंचा चेहरा त्या उजेडात पाहिला आणि मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपल्याला असं काही सापडावं. माझा प्रबंधही मी त्याच उजेडावर उभा करायचं ठरवलं.

त्यासाठी माल जास्त लागणार होता. बाहेरच्या संस्थांमध्ये मापनासाठी नमुने पाठवायचे होते आणि बाईंची जुनी युरोपियमची मूस अगदीच चिमुकली. म्हणून मोठी नवी मूस मागवली. बाईंनी स्वतः तिच्यावर अक्षरं लिहिली, भाजली, आणि माझ्या हातात देताना म्हणाल्या, “ही आता तुझी. ध्यान ठेव.” त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. त्यांचं काम माझ्याकडे येतंय, हे आम्हा दोघींना त्या घटकेला कळलं, आणि आम्ही दोघीही उगाचच टेबल पुसायला लागलो.

मी माल केला. सगळं रीतीप्रमाणे. थंड झाल्यावर अतिनील दिव्याच्या काळ्या खोक्यात ठेवून दिवा लावला आणि झाकणावरच्या भोकातून पाहिलं. भुकटी लाल दिसत होती. कुंकवासारखी स्वच्छ, ठणठणीत लाल.

बाईंनी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, की ऑक्साइड आधी भाजला होता ना. माझं टाळकं सरकलं. मला काय कालची पोर समजतात, असं म्हणून मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी माझा रुसवा मनावर घेतला नाही, कारण त्या खलापाशी बसल्या होत्या. दुसरा माल त्यांनी पहिल्यापासून आपल्या हाताने केला. बाईंचं घोटणं बघण्यासारखं असे. मनगट सैल, बत्ता एका लयीत फिरतोय, कडेला चढलेली भुकटी मधूनमधून त्या अशा अलगद खाली ओढत की कणही बाहेर पडत नसे. त्यांचाही माल लाल निघाला.

मग मी जुन्या चिमुकल्या मुशीत केला. पांढरा.

मी सरळ नव्या मुशीला दोष देऊन मोकळी झाले. दुकानदाराला फोन करून झाडलं. तो बिचारा म्हणाला, की मॅडमजी, क्रूसिबल तो क्रूसिबल है, इसमें नकली क्या आएगा. मी त्यालाही चार शब्द सुनावले. बाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून आजवर जपून ठेवलेल्या कुप्या काढल्या. प्रत्येक खेपेच्या मालातला थोडा थोडा त्यांनी बाजूला ठेवला होता. त्या कुप्या त्यांनी काळ्या खोक्यात जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने मांडल्या आणि दिवा लावला.

सगळ्यात जुनी पांढरी शुभ्र होती. पुढची किंचित उबदार. मग हळूहळू गुलाबीकडे झुकत, मी काल जुन्या मुशीत केलेली ओळीत सगळ्यात लालसर. सुटी पाहिली तर कुणीही पांढरीच म्हटलं असतं. ओळीत ठेवल्यावर लपत नव्हतं.

बाई म्हणाल्या, की हे त्यांना अधूनमधून जाणवत होतं. आधी त्यांना वाटलं दिवा जुना झाला, म्हणून दिवा बदलला. मग वाटलं डोळे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, तरी उजेड आपला लालसरच. हे सांगताना त्या हसल्या, आणि हसता हसताच थांबल्या.

त्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. हवं तर तिथेच कुप्या परत कपाटात ठेवून त्या घरी जाऊ शकत होत्या. मी नव्या मुशीवर खापर फोडून बसलेच होते. आणखी कुणी विचारायला येणार नव्हतं. पण बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “उद्या जुन्यातच भाज, पण युरोपियम नको घालू. सिर्फ लॅन्थॅनम आणि नवसागर. नव्यात पण तसंच. मग बघू कोण काय बोलतंय.”

युरोपियमच नाही तर उजेड येणार कुठून? मूस स्वच्छ असेल तर दोन्हीकडे काळोखच दिसायला हवा. ही परीक्षा मला सुचली नव्हती. ज्यांचं सगळं पणाला लागलं होतं त्यांना सुचली, आणि ती त्यांनी स्वतः माझ्याकडून करवून घेतली. आता मी स्वतः विद्यार्थ्यांची गाईड आहे आणि सांगते, हे करायला छाती लागते.

नव्या मुशीतली भुकटी दिव्याखाली काळी राहिली. जुन्या मुशीतली पेटली. तिच्यात लालसर छटा होती ती समजण्यासारखी होती, कारण त्या मुशीच्या अंगात इतक्या वर्षांचं युरोपियम मुरलेलं. पण तिच्यावर जो हिरवा उजेड होता तो युरोपियमचा नव्हता. तो हिरवा आम्ही दोघींनीही झोपेत ओळखला असता. तो टर्बियमचा. आणि टर्बियम अगदी कणभर असलं की हिरव्यासोबत निळाही उजेड देतं. लाल युरोपियमचा, हिरवा-निळा टर्बियमचा, मिळून पांढरा. वरच्या पायऱ्या वगैरे काही नाही. मुशीच्या अंगात लपलेलं टर्बियम दर खेपेला थोडंथोडं भुकटीत उतरत होतं आणि दर खेपेला संपत चाललं होतं.

ते मुशीत आलं कुठून, हे बाईंना आठवायला वेळ लागला नाही. नोकरीला लागल्या तेव्हा नवी मूस मागायची सोय नव्हती. कुठल्याशा बंद होत असलेल्या विभागाच्या भंगारातून त्यांनी ही उचलली, ॲसिडमध्ये उकळून काढली, चांगली भाजली आणि तिच्यावर युरोपियम लिहिलं. त्याआधी तिच्यात कुणी काय शिजवलं होतं, कोण जाणे. त्यानंतर मात्र त्यांनी तिला दुसऱ्या कशाचा स्पर्श होऊ दिला नाही, आणि युरोपियमला दुसऱ्या मुशीत जाऊ दिलं नाही.

यातली क्रूर गंमत अशी, की एखादा गबाळा माणूस असता तर वाचला असता. हाताला येईल त्या भांड्यात कधीतरी माल केला असता आणि आठवड्यात चूक उघडी पडली असती. बाईंनी सोवळं पाळलं. दर वेळी तीच मूस, म्हणून दर वेळी तोच पांढरा उजेड, म्हणून दर वेळी खात्री वाढत गेली. इतक्या निष्ठेने जपलेली चूक मी दुसरी पाहिली नाही.

बाईंनी पुन्हा खोक्याच्या भोकाला डोळा लावला. मग म्हणाल्या, “मतलब इतकी वर्षं मी मुलांना टर्बियम दाखवून राहिली.” त्यांनी हात धुतले आणि त्या दिवशी लवकर निघाल्या. मी त्यांना स्कूटीवर सुदामा नगरला सोडायला गेले. घराच्या फाटकाशी उतरल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जणू मलाच धीर द्यायचा होता. मला इतकं रडू आलं की परतताना पहिल्या सिग्नललाच गाडी बाजूला घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला आल्या आणि त्यांनी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं. पेपर मागे घ्यायचा म्हणाल्या. मी हबकले. मला वाटलं होतं फार तर एखादी छोटी दुरुस्ती छापतील. मी म्हटलं, मोजमापं तर खरी आहेत, फक्त कारण वेगळं निघालं. बाई म्हणाल्या, की घराचा पाया काढून घ्यायचा आणि रंगकाम केलं म्हणून सांगायचं, असं होत नाही. मग मी चिडले. चिडले की मी खरं बोलते. मी म्हटलं, पेपर जुना, तुम्ही निघालात निवृत्तीला, त्या भुकटीने कुणाच्या पोटात दुखलेलं नाही. एवढ्या एका गोष्टीवर तुमचं नाव आहे आणि तेच तुम्ही पुसायला निघालात. राहू दे की. कुणाचं काय बिघडतंय?

त्या म्हणाल्या, “माहीत नाही गं. पण राहवत नाही.”

पत्राचं इंग्रजी तपासायला त्यांनी मला दिलं. मी तपासण्याच्या निमित्ताने जिथे तिथे कापूस भरला. ‘चूक झाली’ होतं तिथे ‘मर्यादा राहिली’ केलं, ‘दूषित मूस’ होतं तिथे ‘भांड्याचा संभाव्य परिणाम’ केलं. बाईंनी शांतपणे सगळा कापूस उपसून काढला आणि पत्र पाठवलं. माझ्या प्रबंधातही तेच. पांढऱ्याऐवजी लाल का आला, यावर मी लिहिलं होतं की तयार करण्याच्या परिस्थितीतल्या फरकामुळे तसं झालं असावं. बाईंनी ते वाक्य खोडलं. पुढच्या मसुद्यात मी ते दुसऱ्या पानावर सरकवलं, तर तिथेही खोडलं. शेवटी तिथे जे खरं तेच गेलं, पण दोनच ओळींत, मोघम, आणि कुणाच्या मुशीत हे न सांगता. एवढी सूट मी भांडून मिळवली.

संपादकांकडून पोच आली, की प्रकरण विचाराधीन आहे. त्यांचा विचार चालू असतानाच माझी तोंडी परीक्षा लागली.

विभागाचा हॉल भरला होता. आमच्याकडे ही परीक्षा उघडी असते, कुणीही येऊन बसतं. बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडून आलेले, वयस्क, मृदू बोलणारे, चुकतमाकत पण हौसेने हिंदी बोलणारे. बाई शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी स्लाइड दाखवत गेले, सगळं सुरळीत चाललं होतं. लाल उजेडाचं प्रकरण आलं तेव्हा परीक्षकांनी मला थांबवलं. ते म्हणाले, की तुमच्या गाईडचा याच पदार्थावरचा पेपर आम्ही सगळ्यांनी वाचलेला आहे, फार सुंदर काम. त्यात पांढरा आहे, तुमच्याकडे लाल. हे कसं?

मी उत्तर पाठ केलेलं होतं. खरं उत्तर. पण समोर भरलेला हॉल, मागे भिंतीशी बाई, आणि हा भला माणूस त्यांच्या कामाला सुंदर म्हणतोय. माझी जीभ वळली नाही. मी म्हटलं, तयार करण्याच्या परिस्थितीत थोडा फरक असावा.

परीक्षकांनी मान डोलावली. म्हणाले, की बरोबर, हाताचाच फरक. आमच्याकडेही एक मुलगी होती, तिला मी तुमच्या मॅडमचा पेपर देऊन हेच करायला सांगितलं होतं. ती खूप दिवस करत राहिली, दर वेळी लालच. शेवटी मीच तिला म्हटलं, की तुझ्या कामात स्वच्छता नाही, संशोधन हे तुझं काम नव्हे. तिने ते मनाला लावून घेतलं आणि सोडून दिलं. आता कुठल्याशा शाळेत शिकवते. हे त्यांनी सहज, गमतीदार आठवण सांगावी तसं सांगितलं, आणि पुढचं पान उलटलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाई उभ्या राहिल्या होत्या. गाईडने अशा वेळी बोलायचं नसतं, हा नियम त्यांनीच मला शिकवला होता.

“सर, कंडीशन-वंडीशन कुछ नहीं,” त्या म्हणाल्या. “पेपर मेरा गलत था. वो सफेद रोशनी क्रूसिबल में लगे टर्बियम की थी. क्रूसिबल मेरा था. इसने पकड़ा है, और मैंने जर्नल को लिख दिया है.”

परीक्षकांनी चष्मा काढला. त्यांना काही बोलायचं होतं, बहुधा काहीतरी सांभाळून घेणारं. बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

“आपकी उस लड़की का रिजल्ट सही था, सर. उसका हाथ साफ था, इसीलिए लाल आया. उसको आज फोन करके बता दीजिए. मेरा नाम लेकर बताइए.”

परीक्षकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की नक्की करतो. तरी बाई उभ्याच. परीक्षकांनी खिशातून पेन काढून समोरच्या कागदावर काही लिहिलं, मुलीचं नाव असावं, तेव्हा कुठे बाई खाली बसल्या. मी तिथेच दिङ्मूढ उभी, रिमोट हातात धरून. कुणाचं काय बिघडतंय, असं मी विचारलं होतं, आणि ज्या मुलीचं बिघडलं होतं ती कुठल्याशा शाळेत आज फळा पुसत असणार.

“तू काय बघून राहिली?” शेवटच्या रांगेतून बाई मराठीत म्हणाल्या. “पुढची स्लाइड लाव.”

मी लावली. लाल उजेडाचा आलेख होता. डोळे भरून आल्यामुळे मला तो दिसत नव्हता, पण पाठ होता, म्हणून मी बोलायला लागले.